सोबतच्या माणसाला दिसतं ते

आजारी माणूस डॉक्टरांसमोर बसतो तो दहा-पंधरा मिनिटं. त्यातला बहुतेक वेळ रक्तदाब, जुने रिपोर्ट, नव्या गोळ्या आणि पुढची तारीख यांतच जातो. उठता उठता डॉक्टर विचारतात, "बाकी काय म्हणता?" आणि रुग्ण म्हणतो, "बरं चाललंय." दिवसाचा उरलेला सगळा वेळ त्याच्याजवळ असणारी माणसं वेगळीच असतात. बायको, सून, मुलगा, वॉर्डातली सिस्टर, देखभालीसाठी नर्सिंग ब्युरोतून आलेली मावशी. ताटातली भाकरी किती उरली, रात्री किती वेळा कूस बदलली, नातू खोलीत आला तेव्हा मान वळली का, हे त्यांना पाठ असतं. रुग्णाला नैराश्य आलंय का हे ठरवायला जी माहिती लागते, तिच्यातली बरीचशी या माणसांकडे असते. केसपेपरवर मात्र ती क्वचितच उतरते, कारण त्यांना कुणी विचारत नाही, आणि विचारलं तरी नेमकं काय सांगायचं हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. हे पुस्तक त्या बघण्याबद्दल आणि सांगण्याबद्दल आहे.

"एवढं मोठं दुखणं, माणूस खचणारच!" हे वाक्य घरात ऐकू येतं तसं दवाखान्यातही. त्यामागे माया असते, पण उपचारांनी बरा होऊ शकणारा आजार त्याच वाक्याआड झाकला जातो. दुःखात असलेला माणूस जुना मित्र आला की घटकाभर हलका होतो, आवडीचं कालवण केलं तर दोन घास जास्त खातो, "बरा झालो की पंढरपूरला जाऊन येऊ" असे बेत करतो. नैराश्याच्या आजारात ही ये-जा थांबते. अमेरिकन निदानपुस्तिकेनं १९८०च्या दशकात घालून दिलेली चौकट आज थोड्याफार फरकानं सगळीकडे वापरली जाते. लक्षणं नऊ, त्यांतली किमान पाच सलग दोन आठवडे हवीत, आणि मन उदास असणं किंवा कशातच रस न उरणं, या दोहोंपैकी एक तरी हवंच. बाकीची लक्षणं म्हणजे भूक, झोप, हालचालींचा वेग, थकवा, स्वतःला दोष देणं, एकाग्रता आणि मरणाचे विचार. या यादीकडे नीट पाहिलं तर एक गोष्ट लक्षात येते. यांतली निम्म्याहून अधिक लक्षणं बाहेरून दिसू शकतात, आणि हालचाल मंदावल्याचं तर इतरांच्या नजरेला दिसलं तरच धरायचं, असं ती चौकटच सांगते. म्हणजे जवळच्या माणसाची नजर निदानात आधीपासूनच गृहीत आहे.

मग अडचण कुठे येते? शरीराचा आजारही हीच लक्षणं देतो. डायलिसिसवरचा रुग्ण थकलेला असतोच, केमोथेरपी चालू असताना अन्नावरची वासना उडतेच. पार्किन्सनमध्ये चेहऱ्यावरचे स्नायू आखडल्यानं माणूस उदास नसतानाही उदास दिसतो. पक्षाघातानंतर काहींना दुःख नसतानाही रडू कोसळतं, आणि बघणाऱ्यांचा घोटाळा होतो. यावर संशोधकांनी दोन वाटा काढल्या. इंग्लंडमध्ये झिगमंड आणि स्नेथ यांनी १९८३ साली रुग्णालयातल्या रुग्णांसाठी प्रश्नावली केली, तीत शारीरिक लक्षणं जवळजवळ वगळलीच. कर्करोगाच्या रुग्णांसाठी जीन एंडिकॉट यांनी १९८४ साली शारीरिक लक्षणांच्या जागी दुसरी लक्षणं सुचवली: चेहऱ्यावरची खिन्नता, माणसांत न मिसळणं, त्याच त्या विचारात बुडून राहणं, आणि काही केल्या मन न रमणं. ही चारही लक्षणं ओळखायला रक्ताची तपासणी लागत नाही. रुग्ण आधी कसा होता हे ठाऊक असलेला माणूस मात्र लागतो.

रुग्णाजवळ बसून त्याला नीट पाहण्याचं महत्त्व शुश्रूषेनं फार पूर्वीच ओळखलं होतं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या १८५९च्या शुश्रूषेवरच्या पुस्तकात रुग्णाच्या निरीक्षणावर स्वतंत्र प्रकरण आहे. "रात्र बरी गेली ना?" असा उत्तर सुचवणारा प्रश्न विचारला तर हाती काहीच लागत नाही, किती तास झोप झाली, कधी जाग आली, हे विचारायला हवं, असा त्यांचा आग्रह होता. दीडशेहून अधिक वर्षं झाली, तरी आपल्याकडच्या वॉर्डांत आणि घरांत "बरी गेली ना?" हाच प्रश्न चालू आहे.

मानसोपचारानं सुरुवातीला दुसरा रस्ता धरला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत क्रेपेलिन यांनी मनोरुग्णालयातल्या रुग्णांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदींवरून आजारांची वर्गवारी केली. १९५७ साली स्वित्झर्लंडमध्ये रोलांड कून यांनी इमिप्रामिन या औषधाचा नैराश्यावरचा परिणाम जगापुढे मांडला. औषध आल्यावर ते किती लागू पडतं हे मोजायला मापही हवं होतं. मॅक्स हॅमिल्टन यांची १९६०ची मापनश्रेणी त्यातूनच आली. तिथे गुण देणारा तज्ज्ञ डॉक्टर. पाठोपाठ १९६१ साली ॲरन बेक आणि १९६५ साली विल्यम झुंग यांनी रुग्णानं स्वतः भरायच्या प्रश्नावल्या आणल्या. वृद्धांसाठीची खास प्रश्नावली १९८०च्या दशकात आली, आणि आज जगभर वापरली जाणारी नऊ प्रश्नांची छोटी प्रश्नावली शतक उलटता उलटता. या साऱ्या परंपरेचा पाया एकच: मनात काय चाललंय ते रुग्ण ओळखू शकतो आणि सांगू शकतो.

ज्यांना ते सांगता येत नाही, त्यांचं काय? पक्षाघातानं वाचा गेलेले, स्मृतिभ्रंश झालेले, किंवा आयुष्यभर स्वतःच्या मनाविषयी चकार शब्द न काढलेले. इथून तिसरा प्रवाह निघाला. अमेरिकेत जॉर्ज अलेक्झोपोलोस आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी 'कॉर्नेल' मापनश्रेणी तयार केली. तिच्यात १९ मुद्दे आहेत. तपासणारा आधी रुग्णाची देखभाल करणाऱ्याशी सविस्तर बोलतो, मग रुग्णाला भेटतो आणि दोन्हींचा मेळ घालतो. १९९८ साली इंग्लंडमधल्या सटक्लिफ आणि लिंकन यांनी वाचाघात झालेल्यांसाठी प्रश्नावली केली, ती तर सर्वस्वी निरीक्षणावर उभी आहे. रुग्णाला एक शब्दही उच्चारावा लागत नाही. पक्षाघातानंतर साधारण तिनातल्या एका रुग्णाला नैराश्य येतं, हे लक्षात घेतलं तर अशा साधनांची गरज किती मोठी आहे ते कळतं.

चौथा प्रवाह समाजाकडे पाहणारा. १९७८ साली लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या स्त्रियांच्या अभ्यासातून जॉर्ज ब्राउन आणि टिरिल हॅरिस यांनी दाखवलं, की आयुष्यात बसलेले धक्के आणि विश्वासानं बोलायला जवळचं कुणी नसणं यांचा नैराश्याशी घट्ट संबंध आहे. या प्रवाहात पुण्याचाही वाटा आहे. केईएम रुग्णालयात डॉ. वासुदेव परळीकर आणि मिचेल वाइस यांनी मानसोपचार, मेडिसिन, त्वचारोग आणि आयुर्वेद अशा चार बाह्यरुग्ण विभागांत अशक्तपणाची तक्रार घेऊन येणाऱ्यांचा अभ्यास केला. आपल्याकडे माणूस "मी उदास आहे" असं सांगत दवाखान्यात येत नाही. तो म्हणतो, अंगात त्राण नाही, डोकं जड झालंय, जीव घाबरा होतो, कशातच राम वाटत नाही. घरची माणसं म्हणतात, "त्यांनी हाय खाल्लीय." परदेशी प्रश्नावलीचा नुसता मराठी तर्जुमा हाती दिला तर ही बोली निसटून जाते.

गोव्यात 'संगाथ' संस्थेच्या डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट सिद्ध केली. मानसोपचाराची पदवी नसलेली, पण नीट प्रशिक्षण घेतलेली स्थानिक माणसं नैराश्याच्या रुग्णांना खरीखुरी मदत करू शकतात. त्यांच्या चाचण्यांचे निष्कर्ष २०१० आणि २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये आले. अमरावती जिल्ह्यातल्या गावांमध्ये 'विश्राम' प्रकल्पानं हेच काम शेतकरी कुटुंबांपर्यंत नेलं. तिथे नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात सहापट झालं. निरीक्षणाचं काम मावशींच्या आणि सुनांच्या हाती सोपवायचा धीर आम्हाला झाला, त्यामागे या अनुभवाचं बळ आहे.

कुटुंबाला उपचारात सामील करून घेण्याचा विचार तर भारतानंच आधी कृतीत आणला. १९५०च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी आवारात तंबू ठोकले आणि नातेवाइकांना रुग्णांसोबत राहायला बोलावलं. वेल्लोरच्या मानसिक आरोग्य केंद्रात १९५७पासून घरचं माणूस सोबत असणं हा उपचाराचाच भाग आहे. पुण्याचा वारसा मात्र १९१५ साली उभ्या राहिलेल्या येरवड्याच्या मनोरुग्णालयाचा. भिंत उंच, आणि घर भिंतीच्या बाहेर. ते चित्र पालटायला शतकाची अखेर उजाडली. स्वतः घरी रुग्णाची शुश्रूषा केलेल्या डॉ. जगन्नाथ वाणी यांनी १९९७ साली पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन सुरू केली आणि शुभार्थींबरोबर, म्हणजे रुग्णांबरोबर, त्यांच्या शुभंकरांनाही, म्हणजे सांभाळणाऱ्यांनाही, बोलायला जागा मिळाली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'देवराई', 'अस्तु' आणि 'कासव' या चित्रपटांनी सांभाळणाऱ्याचं घर पडद्यावर आणलं. नैराश्यावरच्या 'कासव'ला २०१७ साली सुवर्णकमळ मिळालं, तेव्हा बऱ्याच घरांत या विषयावर पहिल्यांदा मोकळेपणानं बोलणं झालं.

या सगळ्या वाटचालीवर टीकाही झाली आहे, आणि ती वाचकांनी समजून घ्यावी. पुण्याच्याच बापू ट्रस्टनं आणि त्याच्या संस्थापक भार्गवी दावर यांनी सतत विचारलं, की काळजीच्या नावाखाली माणसावर पाळत तर ठेवली जात नाही ना? त्याच्या वतीनं दुसरेच बोलू लागले तर त्याचा स्वतःचा आवाज कुठे उरतो? २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा रुग्णाची संमती, गुप्तता आणि स्वतःचा प्रतिनिधी नेमण्याचा हक्क मान्य करतो, तो याच भूमिकेतून. दुसरा आक्षेप बघणाऱ्याच्या नजरेवर आहे. सांभाळणारा माणूस स्वतः थकलेला, चिडलेला किंवा खचलेला असेल, तर त्याला रुग्ण आहे त्याहून जास्त उदास दिसतो, हे अनेक अभ्यासांत आढळलं आहे. स्टीव्हन झॅरिट यांनी १९८०मध्ये सांभाळणाऱ्यावरचा भार मोजणारी प्रश्नावली केली, ती यासाठीही उपयोगी आहे. म्हणून नोंद ठेवण्याआधी रुग्णाला सांगायचं, शक्य असेल तिथे त्याला वाचून दाखवायची, आणि आपलं स्वतःचं कसं चाललंय हेही अधूनमधून तपासायचं, अशी शिस्त या पुस्तकानं पाळली आहे.

हे सगळं पुण्याच्या हडपसरमधून का लिहावंसं वाटलं? एका पिढीपूर्वी इथे मळे होते. मगरपट्ट्याच्या शेतकऱ्यांनी आपल्या जमिनी एकत्र करून शहर वसवलं, अमनोराचे मनोरे उभे राहिले, सोलापूर रस्त्यावर मोठी रुग्णालयं आली. डॉ. दादा गुजर यांच्या पुढाकारातून उभं राहिलेलं माळवाडीचं साने गुरुजी रुग्णालय तर त्याच्या कितीतरी आधीपासून पंचक्रोशीचा आधार आहे. आयटीतल्या मुलांनी आईवडिलांना गावाहून अकराव्या मजल्यावर आणलं. दिवसभर घरात ते आणि मावशी, दोघंच. तिकडे काळेपडळ, भेकराईनगरच्या दोन खोल्यांत सून कंपनीतली पाळी संपवून येते आणि सासऱ्यांचं पथ्यपाणी बघते. वृद्धांच्या आरोग्याच्या २०१७-१८च्या देशव्यापी 'लासी' पाहणीत साठीपुढच्या ८.३ टक्के लोकांमध्ये नैराश्याच्या आजाराची लक्षणं आढळली. नैराश्याचं निदान झालंय असं सांगणारे मात्र ०.८ टक्के होते. दहातले नऊ जण नजरेतून सुटतात, आणि ते सुटतात अशाच घरांत. त्याची किंमत शरीरही मोजतं. हृदयविकाराच्या झटक्यानंतर नैराश्य आलेल्यांमध्ये पहिल्या सहा महिन्यांत मृत्यूचं प्रमाण जास्त असतं, हे नॅन्सी फ्रेझर-स्मिथ यांनी माँट्रियलमध्ये १९९३ साली दाखवलं होतं.

नेमकं काय बघायचं आणि कसं लिहायचं, याचा एक नमुना देतो. समजा, ससाणेनगरमध्ये ६८ वर्षांचे आबा आहेत. मूळचे मांजरीचे, भाजीपाला करणारे. चार महिन्यांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला, उजवा हात लुळा पडला, वाचा जवळजवळ गेली. मावशीनं वहीत "आबा आज नाराज होते" असं लिहिलं, तर डॉक्टरांना त्यातून काही कळणार नाही. पण तिनं असं लिहिलं तर?

सोमवार. पहाटे साडेतीनला जागे, उजाडेपर्यंत छताकडे बघत होते. उपमा चार घास. मागच्या महिन्यात वाटी पूर्ण संपवायचे.

मंगळवार. व्यायामवाले सर आले, तर डोळे मिटून घेतले. पंधरा दिवसांपूर्वीपर्यंत हात स्वतः पुढे करायचे.

बुधवार. पुतण्या मार्केट यार्डातल्या कांद्याचं सांगत होता. ऐकलं, पण बोटं दाखवून भाव विचारला नाही. पूर्वी दरवेळी विचारायचे.

गुरुवार. चहा दोनदा गरम केला, तसाच राहिला. नात आली, हसले नाहीत.

या चार नोंदींत "नैराश्य" हा शब्द कुठेच नाही, आणि तो नसावाच. घडलं ते आहे, कधी घडलं ते आहे, आणि आधी कसं होतं तेही आहे. कांद्याच्या भावाची नोंद तर कुठल्याही छापील प्रश्नावलीत सापडणार नाही. आबांचं आयुष्य माहीत असणाऱ्यालाच ती सुचेल. रुग्णाची तुलना दुसऱ्या कुणाशी करायची नाही, त्याची त्याच्याशीच करायची, हे या पुस्तकाचं मुख्य सूत्र आहे. बाकीचं सगळं त्यातून निघतं.

काही ठिकाणी मात्र दोन आठवडे थांबायचं नाही. कालपर्यंत ठीक असलेला माणूस आज एकाएकी गप्प झाला, गुंगीत गेला, वेळ-काळ विसरला, सकाळी बरा आणि संध्याकाळी भ्रमात असं होऊ लागलं, तर ते नैराश्य नसून जंतुसंसर्ग, रक्तातलं सोडियम घसरणं किंवा औषधाचा परिणाम असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत. थायरॉइड मंदावणं आणि ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता हीदेखील नैराश्याचं सोंग घेतात, आणि ब-१२ची कमतरता पुण्यात किती पसरलेली आहे हे केईएमच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनानं दाखवलंच आहे. "माझं ओझं झालंय तुम्हाला", "आता सुटलो म्हणजे बरं" अशी वाक्यं कानावर आली तर विषय बदलू नये. मरणाचे विचार येतात का, असं सरळ विचारावं. विचारल्यानं ते विचार मनात भरत नाहीत. गोळ्यांचा डबा आपल्या ताब्यात ठेवावा, रुग्णाला एकटं सोडू नये, आणि डॉक्टरांशी बोलावं. १४४१६ या क्रमांकावर सरकारची 'टेलि-मानस' सेवा २०२२पासून दिवसरात्र चालू आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

हे पुस्तक निदान शिकवत नाही, औषधं सुचवत नाही. लहान मुलांचं आणि बाळंतपणानंतरचं नैराश्य हे वेगळे आणि मोठे विषय आहेत, ते इथे घेतलेले नाहीत. दीर्घ आजारात असलेला प्रौढ किंवा वृद्ध रुग्ण आणि त्याच्या सोबतचा माणूस, एवढंच क्षेत्र आखून घेतलं आहे. भाषा मावशींना वाचता येईल अशी ठेवली आहे, आणि डॉक्टरांना बालिश वाटू नये हेही पाहिलं आहे. या साखळीत सगळ्यात जास्त बघणारी मावशी सगळ्यात कमी बोलते, असा आपला रिवाज आहे. रुग्णाला काय झालंय हे पुष्कळदा तिला सांगितलेलंही नसतं. ब्युरो दोन महिन्यांनी नवी बाई पाठवते आणि आधीचीनं पाहिलेलं सगळं तिच्याबरोबर निघून जातं. म्हणून घरच्यांना एक विनंती आहे. वही मावशीची नाही, रुग्णाची समजा. माणूस बदललं तरी ती उशाशी राहू द्या, आणि दवाखान्यात जाताना मावशीलाही आत बसवा. डॉक्टरांनाही विनंती आहे. आधी रुग्णाशी बोला, वाचा नसली तरी त्याच्याकडे पाहून बोला, आणि मग दोन मिनिटं त्या वहीला द्या.

पुस्तक एका बैठकीत संपवायची घाई करू नये. पहिला भाग वाचून झाला की वही सुरू करावी, रुग्णाला सांगून पंधरा दिवस रोज चार ओळी लिहाव्यात, आणि मगच पुढचं वाचावं. तोवर पुढच्या पानांना विचारायचे प्रश्न तुमच्याकडे तयार झालेले असतील.